मासे न विकणारा कोळी : युन सॉनदो आणि त्याचं बेट

बोरूबहाद्दर:

आमच्या घरी रात्री आठनंतर कोरियन ऐतिहासिक मालिका चालू असतात. बायको आणि मुलगी बघतात, मी जेवता जेवता बघतो. परवा मुलीनं विचारलं, "बाबा, हे काळ्या जाळीच्या टोपीवाले दिवसभर करतात काय? एकतर दरबारात भांडतात, नाहीतर डोंगरात बसून कविता लिहितात." मी चाकणला एका कोरियन कंपनीत दुभाषा आहे, त्यामुळे कोरियाबद्दलचा कुठलाही प्रश्न माझ्याच ताटात पडतो. म्हटलं, दोन्ही कामं तीच माणसं करतात. पहिलं केल्याची शिक्षा म्हणून दुसरं करायला सवड मिळते. तिला वाटलं, मी उत्तर टाळतोय. म्हणून हा धागा, आणि उदाहरणाला माझा आवडता माणूस: युन सॉनदो.

जन्म १५८७, हानयांगमध्ये, म्हणजे आजच्या सोलमध्ये. घराणं मात्र दक्षिणेकडच्या हेनामचं, गडगंज जमीनदार. आठव्या वर्षी थोरल्या पातीत दत्तक गेला, कारण तिथे वारस नव्हता. टोपणनाव 'गोसान', म्हणजे एकटा डोंगर. नावाप्रमाणे माणूसही तसाच, कुणाला न जुमानणारा.

त्या काळात कवी हा काही पेशा नव्हता. यांगबान, म्हणजे उच्चकुलीन अधिकारीवर्गाच्या, घराण्यातल्या मुलानं लहानपणापासून चिनी अभिजात ग्रंथ पाठ करायचे, राज्याच्या परीक्षा द्यायच्या, पास झाला तर नोकरी. निबंध जसा लिहिता यायला हवा तशी कविताही रचता यायला हवी, कारण ती परीक्षेतच होती. अभ्यासाच्या खोलीतल्या कागद, कुंचला, शाईची वडी आणि ती उगाळायचा दगड या चौघांना 'खोलीतले चार मित्र' म्हणायचे. आणि हो, ती काळी टोपी. तिला 'गात' म्हणतात. घोड्याच्या केसांची आणि बांबूच्या केसाएवढ्या बारीक काड्यांची विणलेली. ऊन अडत नाही, पाऊस तर नाहीच नाही. अडतो तो फक्त समोरच्याचा उद्धटपणा.

सॉनदो १६१२ मध्ये पहिली मोठी परीक्षा पास झाला. १६१६ मध्ये राजधानीतल्या राष्ट्रीय विद्यापीठात, सॉंगग्युनग्वानमध्ये, विद्यार्थी असतानाच त्यानं राजाला अर्ज लिहिला. राजा होता क्वांगहेगुन आणि अर्ज होता त्याच्या सर्वांत ताकदवान मंत्र्याविरुद्ध, ई इचॉमविरुद्ध. हा माणूस सत्ता स्वतःच्या खिशात घालतोय, परीक्षांमध्ये आपली माणसं घुसवतोय, असं सरळ नाव घेऊन. व्हायचं तेच झालं. पोराची रवानगी देशाच्या पार उत्तर टोकाला, तुमेन नदीजवळच्या ग्यॉंगवॉनला. दत्तक वडील प्रांताचे राज्यपाल होते, त्यांचीही नोकरी गेली. पुढे त्याला दक्षिणेत गिजांगला हलवलं. १६२३ मध्ये राजाच उलथला गेला, तेव्हा सुटका.

मग बरे दिवस आले. १६२८ पासून नव्या राजाच्या, इंजोच्या, दोन मुलांचा तो शिक्षक. त्यातला एक राजपुत्र बोंगरिम. हे नाव लक्षात ठेवा.

१६३६ च्या हिवाळ्यात मांचू फौजा कोरियात घुसल्या. राजा नामहान डोंगरी किल्ल्यात अडकला, राजघराण्यातली मंडळी गांगह्वा बेटावर पळाली. सॉनदो तेव्हा हेनामला होता. त्यानं घरचे गडी आणि गावची माणसं गोळा केली, होड्या भरल्या आणि किनाऱ्यानं उत्तरेला निघाला. वाटेत कळलं, गांगह्वा पडलं. आणखी पुढे कळलं, राजा किल्ल्यातून बाहेर आला आणि साम्जॉनदोला मांचू सम्राटापुढे तीनदा गुडघे टेकून नऊदा डोकं जमिनीला लावलं. राजपुत्र बोंगरिम, ज्याला यानं शिकवलं, तो ओलीस म्हणून मांचूंच्या राजधानीत गेला.

सॉनदोनं होडीचं तोंड दक्षिणेकडे फिरवलं. आता लोकांत राहायचंच नाही, थेट जेजू बेटावर जायचं. पण वाटेत बोगिलदो हे छोटं बेट लागलं. तिथल्या डोंगरांनी वेढलेल्या खोऱ्यात शिरल्यावर त्याला कमळाच्या पाकळ्यांच्या मधोमध उभं असल्यासारखं वाटलं. जेजू राहिलं बाजूला. खोऱ्याला नाव दिलं 'बुयॉंगदोंग', कमळाचं खोरं, आणि तिथेच घर बांधलं. तेव्हा त्याचं वय पन्नास. अधूनमधून दरबार, अधूनमधून हद्दपारी, पण शेवटपर्यंत तो याच बेटावर परत येत राहिला. १६७१ मध्ये तिथेच गेला, कोरियन मोजणीनं पंच्याऐंशीव्या वर्षी.

या बेटावर १६५१ मध्ये त्यानं 'ऑबु साशीसा' लिहिलं, म्हणजे कोळ्याची चार ऋतूंची गाणी. चाळीस कडवी, प्रत्येक ऋतूला दहा. सगळं कोरियन भाषेत. वसंतातल्या पहिल्या कडव्याचा मी केलेला ओबडधोबड अनुवाद:

पुढच्या खाडीवरचं धुकं उठलं, मागच्या डोंगरावर ऊन पडलं
(होडी सोडा, होडी सोडा!)
रात्रीचं पाणी ओसरत आलं, दिवसाचं पाणी चढू लागलं
(जिगुकचोंग जिगुकचोंग ऑसावा!)
नदीकाठच्या गावातली सगळी फुलं लांबूनच जास्त छान दिसतात

'जिगुकचोंग जिगुकचोंग' हा वल्ह्याचा करकर आवाज आणि 'ऑसावा' हा वल्हवणाऱ्याचा हुंकार. आपल्याकडच्या 'हैय्या हो'सारखा.

मला त्यातला 'लांबूनच' हा शब्द सोडत नाही. शरदाच्या कडव्यांतही तो पुन्हा येतो: माणसांच्या जगाकडे वळून बघितलं, ते जितकं लांब तितकं बरं. ज्याला सरकारनं तीनदा लांब पाठवलं, त्यानं लांब असण्यालाच चव आणली. १६१६ ते २३, मग १६३८-३९, मग १६६० ते ६७. बेरीज केली तर पंधराएक वर्षं हद्दपारीत.

तिसऱ्या हद्दपारीची गोष्ट वेगळीच आहे, ती कुणी विचारली तर सांगतो. आता झोपतो, उद्या पहिली पाळी आहे.

---

तिखट_मीठ:

वा! वाचनखूण साठवली. एक शंका. तुम्ही म्हणता "सगळं कोरियन भाषेत". मग बाकीचे कशात लिहायचे? आणि तीनच ओळींच्या कडव्यात मधल्या आरोळ्या धरायच्या की नाही?

---

बोरूबहाद्दर:

आरोळ्या मोजायच्या नाहीत. त्या काढल्या की उरतात तीन ओळी, तोच 'शिजो' हा प्रकार. त्याबद्दल आपल्या लेखणीताई जास्त नीट सांगतील.

भाषेचं असं, की विद्वान माणूस लिहायचा अभिजात चिनीत. अर्ज, पत्रं, प्रस्तावना, थडग्यावरचे लेख, 'खरी' कविता, सगळं चिनीत. कोरियन लिपी १४४३ मध्ये सेजोंग राजानं तयार केली, १४४६ मध्ये जाहीर केली, पण विद्वान तिला 'ऑन्मुन' म्हणायचे, म्हणजे बोलीची, हलक्या दर्जाची लिपी. बायका आणि सामान्य माणसं वापरतात ती. सॉनदोचंही बरंच लेखन चिनीतच आहे. पण गायचं असलं की पंचाईत. चिनी ओळ कोरियन चालीवर गाता येत नाही. म्हणून शिजो कोरियनमध्ये.

कोळ्याचं गाणं त्याच्याही आधीपासून होतं, गोर्यो काळापासून, म्हणजे आधीच्या राजवटीपासून. ई ह्यॉनबो नावाच्या म्हाताऱ्या अधिकाऱ्यानं १५४९ मध्ये ते नीटनेटकं केलं. पण त्यात चिनी ओळींचे तुकडे जसेच्या तसे होते. सॉनदोनं शंभर वर्षांनी ते उसवलं आणि नवं कापड विणलं. त्याचे एकूण पंचाहत्तर शिजो उरलेत. जाणकार त्याला या प्रकारातला सर्वांत मोठा म्हणतात ते अशा भाषेसाठी.

---

दर्यासारंग:

बोरू, धागा आवडला. आम्ही बंदरावरची माणसं, कविता कळत नाही, पण होडी कळते. त्या आरोळ्या क्रमानं द्याल का? सगळ्या कडव्यांना एकच आहे की बदलते?

---

बोरूबहाद्दर:

दादा, तुम्ही अगदी नेमकं विचारलंत. दुसरी आरोळी, वल्ह्याची, सगळीकडे तीच. पहिली बदलते. दहा कडव्यांत क्रम असा: होडी सोडा. नांगर उचला. शीड चढवा. वल्हवा वल्हवा. पुन्हा वल्हवा वल्हवा. शीड उतरवा. होडी थांबवा. होडी बांधा. नांगर टाका. होडी काठाला लावा. आणि चारही ऋतूंत हाच क्रम.

---

दर्यासारंग:

म्हणजे दहा कडव्यांत एक फेरी पुरी. सकाळी निघालो, संध्याकाळी आलो. हे फार भारी आहे. नुसतं निसर्गवर्णन केलं असतं तर मला झोप आली असती.

"रात्रीचं पाणी ओसरत आलं, दिवसाचं चढू लागलं" हे खोलीत बसून लिहिता येत नाही. होडी काढायची ती पाणी चढताना, चिखलात रुतलेली होडी तेव्हाच सुटते. त्यानं ते बघितलंय. एक गोष्ट मात्र खटकली. सगळ्या आरोळ्या हुकूम आहेत. सोडा, उचला, चढवा. वल्हवणारा स्वतः असं म्हणत नाही, वल्हवणारा "ऑसावा" म्हणतो. "वल्हवा" म्हणतो तो मागे बसलेला.

---

पुणेरी_घुबड:

दर्यासारंगांनी नेमक्या ठिकाणी बोट ठेवलं, मी फक्त दाबतो.

हे 'कोळी' प्रकरण मुळात चिनी परंपरेतलं सोंग आहे. दरबारावर रुसलेला विद्वान स्वतःला कोळी म्हणवतो. त्याला मासे विकायचे नसतात, कर भरायचा नसतो, वादळात मुलगा बुडत नसतो. युन सॉनदो तर देशातल्या श्रीमंत घराण्यांपैकी एकाचा वारस. हेनाम युन घराण्यानं समुद्र हटवून जमीन केली होती, त्यावर राबणारे गुलाम होते. जोसॉन काळात, म्हणजे सॉनदोच्याच राजवटीत, गुलामांना 'नोबी' म्हणत, त्यांची खरेदीविक्री व्हायची, वाटणीपत्रात त्यांची नावं असायची. बेटावरचं ते कमळाचं खोरं कुणी खणलं? तळं कुणी बांधलं? "माणसांचं जग जितकं लांब तितकं बरं" म्हणायला आधी जेवण कुणीतरी जवळ आणून द्यावं लागतं.

कविता सुंदर असेल. पण 'सरकारनं पिडलेला बिचारा कवी' ही कथा अर्धीच आहे.

---

तिखट_मीठ:

घुबडराव, कधीतरी एखाद्या धाग्यावर "छान" एवढंच लिहा हो. :)

---

बोरूबहाद्दर:

नाही तिखटताई, घुबड बरोबर आहे, आणि माझ्याकडे त्याच्याच बाजूचा पुरावा आहे.

सॉनदोच्या पाचव्या पिढीतला वंशज युन वी १७४८ मध्ये बेटावर गेला आणि तिथल्या लोकांकडून ऐकून त्यानं 'बोगिलदो-जी' हे टिपण लिहिलं. पूर्वजाच्या दिवसाचा तपशील आहे त्यात. कोंबडा आरवला की उठायचा, औषधी दारूचा एक पेला घ्यायचा, आंघोळ-केस आटोपून ताठ बसायचा आणि मुलांकडून पाठ म्हणून घ्यायचा. जेवण झालं की लहान गाडीतून निघायचा, मागे वादक. हवा चांगली असली की सेयॉनजॉंग मंडपात. मग रंगीत कपडे घातलेली मुलं छोट्या होडीतून तळ्यात फिरायची आणि 'ऑबु साशीसा' संथ लयीत गायची. वर खडकावर नाचणाऱ्यांची लांब बाह्यांची सावली पाण्यात पडेल अशी जागा ठरवलेली होती.

म्हणजे कोळ्याची होडी तळ्यात, समुद्रात नाही. नांगर उचला म्हणायला नांगर तरी होता का, देव जाणे.

आणि तरीही. उन्हाळ्यातलं हे कडवं वाचा:

कमळाच्या पानात भात बांधून घे, कालवण-बिलवण करू नकोस
बांबूची टोपी डोक्यावर आहेच, इरलं घेतलंस ना?
तो बेफिकीर कुरव माझ्या मागे येतोय की मी त्याच्या?

हा माणूस मासे पकडत नसेल, पण मासे पकडायला जाणारा बायकोला काय सांगतो ते त्यानं कान देऊन ऐकलंय. आरोळ्या हुकुमाच्या आहेत, मान्य. पण मधल्या दोन ओळी हुकुमाच्या नाहीत.

---

लेखणी_कानाला:

उशिरा आले. बोरूनं माझ्यावर ढकललंय तर शिजोबद्दल थोडं.

तीन ओळी, प्रत्येक ओळीत चार श्वास. साधारण तीन-चार अक्षरांचा एक श्वास, सगळी मिळून पंचेचाळीसच्या आसपास अक्षरं. पहिल्या ओळीत विषय मांडायचा, दुसरीत वाढवायचा, तिसऱ्या ओळीच्या सुरुवातीला वळण. ते वळण नेमकं तीन अक्षरांचं आणि त्यानंतर लगेच लांब, पाच किंवा जास्त अक्षरांचा तुकडा. या अडखळून पुढे झेपावण्यात सगळी गंमत. मराठीत हे अक्षरं मोजून करायला गेलं की कविता मरते. ओवी लिहिणाऱ्याला ते समजेल, तिथेही मोजण्यापेक्षा चाल महत्त्वाची.

एक गोष्ट मात्र मराठीत आयती मिळते. पहिल्या हद्दपारीत, ग्यॉंगवॉनला असताना त्यानं १६१८ मध्ये आईवडिलांच्या आठवणीचे शिजो लिहिले. त्यातला एक मी असा केलाय:

डोंगर लांबच लांब, पाणी दूर दूर
आईबापांची आठवण दाट दाट, फार फार
कुठूनसा एकटा रानहंस रडत रडत जातो

मूळ कोरियनमध्ये अशीच दुरुक्ती आहे, प्रत्येक ओळीत शब्द दोनदा येतो. इंग्रजी अनुवादकांना तिथे तारेवरची कसरत करावी लागते. आपल्याला नाही, आपण घरात बोलतोच असं: हळू हळू, लांब लांब, रडत रडत. तेव्हा तो तिशीत होता. वडिलांची नोकरी आपल्या अर्जापायी गेली हे त्याला ठाऊक होतं. त्यामुळे मला पिकलेल्या वयातल्या कोळीगीतांपेक्षा हा कच्चा शिजो जास्त आवडतो. बोरूला राग येईल.

घुबडराव, तुमचं म्हणणं पटतं, पण या तीन ओळींत गुलाम, तळं, मंडप काहीच नाही. तुमेन नदीच्या थंडीत हा माणूस खरंच एकटा होता.

---

बोरूबहाद्दर:

ताई, राग नाही. "रडत रडत जातो" ला दंडवत. मी 'विव्हळत' लिहून बसलो होतो.

---

आजीचा_बटवा:

संगीताबद्दल कुणी लिहिलं नाही अजून. युन सॉनदो 'गॉमुन्गो' वाजवायचा. सहा रेशमी तारांचं आडवं वाद्य, सोळा पडदे, बांबूच्या छोट्या काडीनं छेडायचं. आवाज खोल, थोडा खडखडीत, अजिबात गोड नाही. जोसॉन काळात ते विद्वानांचं वाद्य मानलं जायचं. लोकांना खूश करायला नाही, स्वतःचं मन जाग्यावर ठेवायला वाजवायचं. आपल्या मैफलीच्या कल्पनेच्या अगदी उलट. दाद द्यायला कुणी नसलं तर उत्तमच.

आणि बोरू, तिसऱ्या हद्दपारीची गोष्ट राहिली ना?

---

बोरूबहाद्दर:

बटवाकाकू, ती गोष्ट सुतकाची आहे.

राजपुत्र बोंगरिम आठवतो? मांचूंकडे ओलीस गेलेला. तो आठ वर्षांनी परत आला. थोरला भाऊ सोह्यॉन १६४५ मध्ये वारला, त्यामुळे पुढे हाच राजा झाला, ह्योजोंग. शिक्षकाला विसरला नाही, राजधानीजवळ राहावा म्हणून सुवॉनला घर बांधून दिलं. १६५९ मध्ये ह्योजोंग वारला. त्याची सावत्र आई, राजमाता, जिवंत होती. प्रश्न उभा राहिला: आईनं मुलाचं सुतक किती काळ पाळायचं?

---

तिखट_मीठ:

सुतकावरून सरकार पडतं?

---

बोरूबहाद्दर:

पडतं. विधीच्या ग्रंथांनुसार थोरला मुलगा गेला तर आईनं तीन वर्षं पाळायचं, धाकटा गेला तर एक वर्ष. ह्योजोंग जन्मानं दुसरा. पण तो राजा होता, गादीचा वारस होता. मग तो थोरला धरायचा की धाकटा?

दरबारात तेव्हा गट होते. त्यातल्या पश्चिम गटाचा पुढारी सोंग शियॉल म्हणाला, दुसरा मुलगा तो दुसराच, एक वर्ष. दक्षिण गटाचे लोक म्हणाले, जो गादीवर बसला तोच वारस, तीन वर्षं. सॉनदो दक्षिण गटाचा. त्यानं १६६० मध्ये अर्ज लिहिला, त्याचा सूर असा: एक वर्ष म्हणणं म्हणजे मेलेल्या राजाचा गादीवरचा हक्कच कमी करणं. हा थेट राजद्रोहाचा आरोप झाला. विरोधक खवळले. अर्ज जाळून टाकला आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याला साम्सुला पाठवलं, यालू नदीच्या बाजूला. कोरियनमध्ये आजही "साम्सु-गाप्सानला जावं लागलं तरी बेहत्तर" असं म्हणतात, म्हणजे वाट्टेल ते होवो. ते साम्सु हेच.

गंमत अशी, की सोंग शियॉल हाही ह्योजोंगचा शिक्षक होता. दोन गुरू, एक शिष्य, आणि भांडण शिष्याच्या प्रेतावरून.

आणि दोघंही सुतकाबद्दल मनापासून भांडत होते, नुसतं राजकारण नव्हतं. त्यांच्या दृष्टीनं राज्य म्हणजे मुळात नाती नीट लावणं. आई कुठे, मुलगा कुठे, राजा कुठे. एक धागा चुकीचा गुंतला की सगळं वस्त्र उसवतं.

---

पुणेरी_घुबड:

या खेपेला थोडी भर.

ह्योजोंगच्या समाधीची जागा निवडायलाही सॉनदोला बोलावलं होतं. त्याला 'पुंगसु', म्हणजे डोंगर-पाण्याच्या ठेवणीवरून जागा पारखायचं शास्त्र चांगलं यायचं. त्यानं सुवॉनजवळची एक जागा सर्वोत्तम ठरवली. दरबारानं नाकारली. पुढे एकशेतीस वर्षांनी, १७८९ मध्ये, जॉंगजो राजानं आपल्या दुर्दैवी वडिलांची, राजपुत्र सादोची, समाधी नेमकी त्याच जागी हलवली, सॉनदोच्या शिफारशीचा दाखला देऊन. मला पुंगसुबद्दल शून्य आदर आहे. पण एकशेतीस वर्षांनी आपला अहवाल मंजूर होणं हे कुठल्याही सरकारी नोकराचं स्वप्न असेल.

(तिखटताई: छान.)

---

सांजवारा:

मी तीन वर्षं ग्वांग्जूला होते, हेनाम आणि बोगिलदो दोन्ही बघितलंय. प्रतिसाद लांबेल, आधीच माफी.

हेनामचं घर 'नोगुदांग', म्हणजे हिरव्या पावसाचं दालन. मागच्या डोंगरावर 'बिजा' नावाच्या सदाहरित झाडांचं रान आहे. वारा सुटला की त्यांच्या पानांचा आवाज पावसासारखा येतो, त्यावरून हे नाव असं तिथे सांगतात. दारात शेकडो वर्षांचा गिंको. घराचा पुढचा भाग म्हणजे ह्योजोंगनं सुवॉनला बांधून दिलेलंच घर! राजा गेल्यावर, १६६८ मध्ये सॉनदोनं त्यातलं लाकूड उतरवलं, जहाजात घातलं आणि समुद्रमार्गे हेनामला आणून पुन्हा उभं केलं. तिसऱ्या हद्दपारीतून सुटून आलेला ऐंशी पार केलेला माणूस. राजाची आठवण टाकवेना.

त्याच घरात पणतू युन दुसॉचं स्वतःचं चित्र आहे. फक्त चेहरा, दाढीचा केस न् केस वेगळा, आणि डोळे असे की आपणच नजर वळवतो. आणि दुसॉची नात म्हणजे जॉंग याग्योंग या मोठ्या विचारवंताची आई. तो १८०१ पासून अठरा वर्षं जवळच गांगजिनला हद्दपार होता आणि आजोळच्या या घरातली पुस्तकं त्याला उपयोगी पडली. या घराण्याला हद्दपारीशी नातंच जडलं होतं म्हणायचं.

बोगिलदोला जायचं तर हेनामच्या 'तांगकुत'हून, म्हणजे 'जमिनीचं टोक' नावाच्या गावाहून, फेरीबोट नोह्वा बेटावर, तिथून पूल. पाण्यात दोन्ही बाजूंना अबलोनीच्या शिंपल्यांची शेती, काळ्या बोयांच्या रांगाच रांगा. दर्यासारंग, तुम्हाला आवडेल. सेयॉनजॉंग मंडप आता पुन्हा बांधलेला आहे, पण तळी आणि खडक जुनेच. मला सगळ्यात आवडला तो दगडी बांध. सपाट फरशा उभ्या करून आतून पोकळ ठेवलेला. पाणी कमी असलं की त्यावरून चालत जायचं, पावसाळ्यात त्यावरूनच धबधबा. घुबडरावांचा प्रश्न, "तळं कुणी बांधलं", माझ्या डोक्यात तिथे उभी असताना आला नव्हता. आता पुढच्या वेळी येईल.

समोरच्या डोंगरात उंचावर 'दोंगचॉन सॉक्शिल' नावाची एवढीशी झोपडी आहे, दोन माणसं बसतील इतकी. तिथे तो चहा घेत पुस्तक वाचायचा. खालून जेवण दोरखंडावरून ओढून घ्यायचे असं सांगतात, खडकात त्याच्या खुणाही दाखवतात. चढून गेलात की सगळं खोरं एका नजरेत येतं. "लांबूनच जास्त छान" याचा अर्थ मला तिथे कळला.

---

लेखणी_कानाला:

राजाचं घर जहाजातून आणलं हे मला माहीत नव्हतं. सांजवारा, आणखी काही राहिलं असेल तर लिहून टाक, संकोच करू नकोस.

---

सांजवारा:

एक राहिलंय. बेटाच्या पूर्वेच्या टोकाला, समुद्राला लागून एक कातळ आहे. 'गुल्शिन बावी' म्हणतात, म्हणजे लिहिलेला खडक. तिथपर्यंत पर्यटक फार येत नाहीत. आम्हीही रस्ता चुकून गेलो.

त्यावर कोरलेली कविता सोंग शियॉलची आहे. हो, तोच, सुतकवाला.

१६८९ मध्ये राजाच्या वारसावरून तोंड उघडलं म्हणून त्याला जेजूला हद्दपार केलं. वाटेत वादळ झालं आणि होडी बोगिलदोला लागली. सॉनदोला जाऊन अठरा वर्षं झाली होती. त्या खडकावर त्यानं लिहिलं, थोडक्यात असं: त्र्याऐंशी वर्षांचा म्हातारा, अथांग निळ्या लाटांच्या मधोमध. एका शब्दाचा एवढा मोठा गुन्हा? तीनदा हाकललं गेलो. आणि शेवटी, राजानं दिलेला केसाळ कातड्याचा कोट अजून आहे, त्या जुन्या कृपेच्या आठवणीनं रडू येतं.

तो कोट ह्योजोंगनं दिलेला. जेजूहून त्याला चौकशीसाठी परत बोलावलं आणि राजधानीला पोचायच्या आधीच वाटेत जॉंगुपला राजाज्ञेनं विषाचा पेला दिला.

खडकावरची अक्षरं आता नीट वाचता येत नाहीत. लोकांनी कागद लावून, शाई फासून इतके ठसे घेतलेत की तेवढा भाग काळा पडलाय. आम्ही गेलो तेव्हा ओहोटी होती. एक आजी खाली दगडांवरून शेवाळं खुडत होत्या. त्यांना मी मोडक्या कोरियनमध्ये विचारलं की यावर काय लिहिलंय. त्या म्हणाल्या, "कुणा म्हाताऱ्यानं घरची आठवण काढलीय," आणि पुन्हा खाली वाकल्या.

---

दर्यासारंग:

बोरू, मुलीला हे वाचून दाखव.